वॉल स्ट्रीटला बेड्या घालून निवडणुकीत उतरलेले वकील: जुलियानी आणि इतर

कोर्टकचेरी

परवा दुसऱ्या एका धाग्यावर न्यूयॉर्कचा माजी महापौर रुडी जुलियानी याचं नाव निघालं आणि बहुतेकांनी 'तो गालावर केसांचा रंग ओघळलेला म्हातारा' एवढ्यावर त्याची बोळवण केली. नोव्हेंबर २०२० मधली ट्रम्पच्या बाजूने घेतलेली त्याची ती पत्रकार परिषद विसरण्यासारखी नाहीच, मान्य. पण मला त्याच्या शेवटापेक्षा सुरुवातीत जास्त रस आहे. आर्थिक गुन्ह्यांचे खटले चालवणारा सरकारी वकील त्याच खटल्यांच्या जोरावर उमेदवार कसा होतो, ते त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. तिकडे प्रतिसादात लिहायला बसलो तर मारुतीचं शेपूट झालं, म्हणून हा वेगळा धागा.

जन्म १९४४, ब्रुकलिन. वडिलांनी मंदीच्या काळात दरोड्याच्या गुन्ह्यात सिंग सिंगच्या तुरुंगात शिक्षा भोगलेली. हे जगाला कळलं थेट २००० साली, मुलगा महापौर असताना. १९६८ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतून कायद्याची पदवी, १९७० पासून फेडरल, म्हणजे केंद्राच्या, सरकारी वकिलांच्या कचेरीत. आधी डेमोक्रॅट, मग अपक्ष, आणि रेगन निवडून आल्यावर लगेच, डिसेंबर १९८० मध्ये, रिपब्लिकन. १९८१ मध्ये न्याय खात्यात तिसऱ्या क्रमांकाचं पद मिळालं. ते सोडून १९८३ मध्ये त्याने एक पायरी खालचं पद घेतलं: न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याचा यूएस अ‍ॅटर्नी, म्हणजे तिथला मुख्य फेडरल सरकारी वकील. कागदावर ही पदावनतीच. पण वॉल स्ट्रीट याच जिल्ह्यात येते, आणि देशातली मोठी वर्तमानपत्रं आणि टीव्हीवालेही तिथेच बसतात.

त्या काळात कंपन्या गिळंकृत करण्याचा सुकाळ होता. एखादी कंपनी विकली जाणार ही बातमी फुटण्याआधी कानावर आली की शेअर घ्यायचे, बातमी फुटली की विकायचे. मे १९८६ मध्ये ड्रेक्सेल बर्नहॅम लँबर्ट या पेढीतला डेनिस लेव्हीन पकडला गेला. बहामातल्या बँकखात्यातून त्याने १ कोटी २६ लाख डॉलर कमावले होते. त्याने आयव्हन बोस्की या शेअरच्या बड्या सटोडियाचं नाव सांगितलं. बोस्कीने आणखी नावं सांगितली, आणि हे बाहेर फुटण्याआधी लपवलेला टेपरेकॉर्डर अंगावर घेऊन लोकांशी गप्पाही मारल्या. १४ नोव्हेंबर १९८६ ला त्याची तडजोड जाहीर झाली: १० कोटी डॉलर भरायचे आणि गुन्हा कबूल करायचा. पुढे तीन वर्षांची शिक्षा झाली.

यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. किडर पीबॉडी या गुंतवणूक पेढीचा मार्टिन सीगल बोस्कीला बातम्या पुरवायचा आणि मोबदला रोकड घ्यायचा. प्लाझा हॉटेलच्या लॉबीत एक अनोळखी माणूस येणार, ठरलेला परवलीचा शब्द बोलणार आणि नोटांनी भरलेली बॅग हातात देऊन निघून जाणार. असे एकूण ७ लाख डॉलर. लाखोंचा पगार घेणारा, देखणा, नावाजलेला बँकर हॉटेलच्या लॉबीत चोरासारखा उभा आहे! ज्युरीसमोर आकडे मांडून जे होत नाही ते अशा एका बॅगेने होतं. जुलियानीला हे नेमकं कळलं होतं, असं माझं मत.

मग आला १२ फेब्रुवारी १९८७. सीगलच्या सांगण्यावरून तिघांवर अटकेची कारवाई झाली, एक गोल्डमन सॅक्सचा, दुसरा किडरचा आणि तिसरा पूर्वी किडरमध्ये असलेला. किडरच्या अधिकाऱ्याला भर ट्रेडिंग फ्लोअरवर, सहकाऱ्यांच्या देखत हातकड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तीच बातमी. आणि मे महिन्यात सरकारने आरोप मागे घेतले, 'नवं, मोठं आरोपपत्र आणू' म्हणून. ते आलंच नाही. ऑगस्ट १९८९ मध्ये गोल्डमनवाल्याने एकच गुन्हा कबूल केला आणि बाकी दोघांविरुद्ध काही करायचं नाही असं सरकारने सांगून टाकलं. त्या ऑगस्टमध्ये जुलियानी कुठे होता? न्यूयॉर्कभर महापौरपदाचा प्रचार करत.

माझा मुद्दा एवढाच आहे. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते, खटला ढासळल्याची आतल्या पानावर, आणि दोन्हींच्या मधल्या दोन-चार वर्षांत वकिलाचा उमेदवार होऊन जातो. ड्रेक्सेलमधला सगळ्यात बडा मासा मायकेल मिल्कन, त्याचंही तसंच. ड्रेक्सेलने डिसेंबर १९८८ मध्ये ६५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, पुढच्याच महिन्यात जुलियानीने खुर्ची सोडली. मिल्कनवरचं ९८ कलमी आरोपपत्र मार्च १९८९ मध्ये त्याच्या नंतरच्या माणसाने दाखल केलं. लोकांच्या डोक्यात मात्र मिल्कनला पकडणारा जुलियानीच.

बाकी प्रतिसादांत लिहीन. चुका दाखवा, राग नाही.

वाचनमात्र

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). बॅगवाला प्रसंग भारी.

बकुळफूल

छान लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न: सरकारी वकील निवडणूक लढवूच कसा शकतो? नोकरी सोडून की नोकरीत राहून?

काळा कोट

बकुळफूल, प्रश्न बाळबोध मुळीच नाही, सगळी मेख तिथेच आहे.

तिथे एकाच शहरात तीन वेगळ्या जातीचे सरकारी वकील असतात. पहिला यूएस अ‍ॅटर्नी. याला राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देते, तो फेडरल कायद्याखालचे गुन्हे बघतो. फेडरल नोकर असल्यामुळे हॅच कायद्यानुसार पक्षीय निवडणुकीला उभं राहायचं तर आधी राजीनामा. दुसरा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी. हा स्वतःच निवडून येतो, मॅनहॅटनचा वेगळा, ब्रुकलिनचा वेगळा. तिसरा राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल. न्यूयॉर्कमध्ये तोही मतदारच निवडतात.

म्हणजे दुसरा आणि तिसरा हे मुळात राजकारणीच. सकाळी आरोपपत्र, संध्याकाळी देणगीदारांचं जेवण. यात बेकायदा काही नाही, व्यवस्थाच तशी आहे. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं कारण आपल्याकडे सरकारी वकील नेमला जातो, मतं मागत फिरत नाही.

आणि कोर्टकचेरी, एक मोठी गोष्ट तुमच्याकडून राहिली: रिको. हा १९७० चा कायदा माफियांसाठी केलेला. एकेका कलमाला वीस वर्षांपर्यंत शिक्षा आणि मालमत्ता जप्त. सगळ्यात जहाल भाग असा की खटला उभा राहण्याआधीच मालमत्ता गोठवता येते. जुलियानीच्या कचेरीने हा कायदा माफियांच्या टोळीप्रमुखांवर वापरला, तिथे तो शोभला. मग तोच १९८८ मध्ये प्रिन्स्टन-न्यूपोर्ट या गुंतवणूक पेढीवर लावला. आदल्या डिसेंबरमध्ये सशस्त्र मार्शल नेऊन धाड घातली होती. गुंतवणूकदार घाबरले, पैसे काढून घेतले, पेढी खटल्याआधीच बंद पडली. १९८९ च्या जुलैअखेर, प्रचाराच्या धामधुमीत, दोषी ठरवणारा निकाल. १९९१ मध्ये अपिलाच्या कोर्टाने रिकोची कलमं उडवून लावली. पेढी काही परत उभी राहिली नाही.

कोर्टकचेरी

काळा कोट, धन्यवाद, प्रिन्स्टन-न्यूपोर्ट खरंच राहिलं होतं. ड्रेक्सेलने का मान तुकवली तेही त्यावरून कळतं. शेजाऱ्याचं घर जळताना बघितल्यावर आपल्या घराचा सौदा माणूस लवकर करतो.

तिरकस

लेख चांगला आहे पण एकतर्फी वाटला. जणू काही वॉल स्ट्रीटवरचे सगळे गरीब बिचारे आणि जुलियानीच खलनायक.

बोस्कीने गुन्हा कबूल केला. सीगलने केला. लेव्हीनने केला. मिल्कनने एप्रिल १९९० मध्ये सहा गुन्हे कबूल करून ६० कोटी डॉलर भरले. या माणसाचं १९८७ या एका वर्षाचं उत्पन्न ५५ कोटी डॉलर होतं हे लक्षात घ्या. गोल्डमनच्या त्या गृहस्थांनीही शेवटी कबूल केलंच. त्यांच्या प्रकरणातलं ते प्रसिद्ध वाक्य आठवतं का? बीट्रिस कंपनीच्या सौद्यात काहीतरी बिनसलंय अशी कुणकुण त्यांना बनी लास्कर नावाच्या दलालाकडून लागली. त्यांनी सीगलला फोन करून विचारलं, तर सीगल म्हणाला, 'तुझ्या बनीचं नाक तिखट आहे.' एवढ्या एका वाक्यावर शेअर विकले आणि चार महिने आत गेले. बनी म्हणजे ससा आणि बनी म्हणजे लास्कर, दोन्ही. मला तर हे वाक्य तुमच्या बॅगेपेक्षा आवडतं.

दुसरं म्हणजे मतदार. तुम्ही म्हणता खटल्यांवर निवडून आला. कुठे? १९८९ मध्ये, खटले ताजे असताना, डेमोक्रॅट डेव्हिड डिंकिन्सकडून सुमारे ४७ हजार मतांनी हरला की! १९९३ मध्ये जिंकला तो सुमारे ५३ हजारांनी, आणि तेव्हा लोकांच्या डोक्यात बोस्की नव्हता, रस्त्यावरची गुन्हेगारी होती, १९९१ ची क्राउन हाइट्सची दंगल होती. शिवाय त्याच दिवशी स्टेटन आयलंडला न्यूयॉर्कपासून वेगळं व्हायचं का यावर मतदान होतं, त्यामुळे तिथली रिपब्लिकन मंडळी घराबाहेर पडली. एवढ्या अटीतटीच्या लढतीत ते पुरेसं होतं.

कोर्टकचेरी

तिरकस, स्टेटन आयलंडचा मुद्दा मान्य, आणि मी 'खटल्यांवर निवडून आला' नव्हे तर 'खटल्यांवर उमेदवार झाला' असं लिहिलंय. फरक आहे. पक्षाला एका रात्रीत असा चेहरा मिळाला की जो कधी नगरसेवकही नव्हता, पण ज्याचं नाव टॅक्सीवाल्यापासून बँकरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. हे नाव पैशांनी विकत घेता येत नाही. त्याच निवडणुकीत धनाढ्य रॉनल्ड लॉडरने हे करून बघितलं. रिपब्लिकन उमेदवारीसाठी १ कोटी डॉलरच्या वर उधळले, बराचसा पैसा जुलियानीविरुद्धच्या जाहिरातींवर. उपयोग शून्य, पण तोवर जुलियानीच्या अंगावर ओरखडे मात्र उठले.

१९८९ ला तो हरला याचं एक कारण मला असं वाटतं की वकिलाची सवय सुटत नव्हती. आरोपीच्या पिंजऱ्यात कोणीतरी लागतंच. आणि डिंकिन्स हा सौम्य, सभ्य म्हातारा. त्याच्यावर उलटतपासणीच्या सुरात तुटून पडलं की बघणाऱ्याला वकिलाचाच राग येतो.

आणखी एक गंमत. कचेरी सोडल्यावर तो ज्या बड्या लॉ फर्ममध्ये गेला तिच्या अशिलांत पनामा सरकार निघालं, तेही अमली पदार्थांच्या व्यापाराचा आरोप असलेला हुकूमशहा नोरिएगा याच्या काळातलं. अमली पदार्थांविरुद्ध गर्जना करणाऱ्या उमेदवाराची फर्म आणि नोरिएगा! विरोधकांनी आयता मिळालेला हा मासा सोडला नाही. सरकारी वकील असेपर्यंत तुम्ही एकाच अशिलाचे वकील असता, खासगीत गेलात की फर्मचे सगळे अशील तुमच्या खात्यावर.

पारावरचा

एवढं सगळं न्यूयॉर्कचं कशाला, आपले उज्ज्वल निकम आहेत की. २०२४ ला उत्तर मध्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले, वर्षा गायकवाडांकडून हरले, मग २०२५ मध्ये राष्ट्रपतीनियुक्त म्हणून राज्यसभेत.

कोर्टकचेरी

पारावरचा, निकमांची ओळख बॉम्बस्फोट आणि कसाबच्या खटल्यांची, आर्थिक गुन्ह्यांची नव्हे. शिवाय तो विषय इथे काढला की दोनशे प्रतिसादांत धाग्याचा आखाडा होईल. वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

हडसनकाठ

मी २००२ ते २००५ त्या भागातच एका वित्तसंस्थेच्या बॅक ऑफिसात होतो, त्यामुळे जुलियानीपेक्षा एलियट स्पिट्झर जास्त जवळून आठवतो. म्हणजे त्याची दहशत.

हा काळा कोट यांनी सांगितलेल्या तिसऱ्या जातीचा, म्हणजे राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल. १९९४ ला अ‍ॅटर्नी जनरलच्या उमेदवारीसाठी पक्षातच आपटला, १९९८ ला अगदी थोड्या मतांनी आला. त्याच्याकडे रिको नव्हता पण मार्टिन कायदा होता, १९२१ चा, न्यूयॉर्क राज्याचा. धूळ खात पडलेला म्हणतात तसा. त्यात खास गोष्ट अशी की फसवण्याचा हेतू होता हे सिद्धच करावं लागत नाही. लोकांची दिशाभूल झाली, बास.

२००२ मध्ये त्याने मेरिल लिंचच्या विश्लेषकांच्या ईमेल बाहेर काढल्या. जाहीर अहवालात 'घ्या घ्या' म्हणून ज्या शेअरची शिफारस, त्याच शेअरला आतल्या ईमेलमध्ये 'भंगार'. १० कोटी डॉलरवर मिटलं. पुढच्या वर्षी दहा बड्या पेढ्यांशी मिळून सुमारे १४० कोटी डॉलरची तडजोड. मग म्युच्युअल फंड, मग विम्याच्या दलाल कंपन्या, मग एआयजी ही बडी विमा कंपनी. एआयजीचे सर्वेसर्वा हँक ग्रीनबर्ग मार्च २००५ मध्ये पायउतार झाले.

आमच्याकडे त्याचा परिणाम असा की ईमेल लिहिताना हात थरथरायचे. आधी लोक बिनधास्त विनोद करायचे. मग एक वाक्य सगळीकडे ऐकू यायला लागलं: 'हे लिहू नकोस, जागेवर ये.' आमचा एक वरिष्ठ तर साध्या जेवणाच्या आमंत्रणाला पण उत्तर लिहीत नसे, तीन मजले उतरून यायचा. वजन कमी झालं त्याचं.

२००६ ला गव्हर्नर, जवळपास ६९ टक्के मतं. पुढची कथा सगळ्यांना माहीत आहे. मार्च २००८ मध्ये वेश्याव्यवसायाच्या प्रकरणात राजीनामा. पण तो सापडला कसा हे बघा. त्याने पैसे तुकड्या-तुकड्यांत पाठवले, बँकेला संशय आला, बँकेने संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वर पाठवला. आयुष्यभर ज्या कागदांवर शिकार केली त्याच कागदांनी त्याला पकडलं. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. २०१३ मध्ये शहराच्या कंट्रोलरपदासाठी (सरकारी हिशेबांवर नजर ठेवणारं पद) परत उभा राहिला, पक्षांतर्गत निवडणुकीतच हरला.

बकुळफूल

बाप रे, त्या वरिष्ठांचं वजन! 😄

पण हडसनकाठ, गव्हर्नर म्हणून कसा होता तो? ते प्रकरण सोडून.

हडसनकाठ

बकुळफूल, माझ्या मते प्रकरण झालं नसतं तरी अवघड होतं. फेब्रुवारी २००७ चं एक उदाहरण देतो, पदावर येऊन जेमतेम महिना झालेला. राज्याच्या कंट्रोलरची जागा रिकामी झाली. ती विधिमंडळाने भरायची असते. स्पिट्झरचं म्हणणं, तज्ज्ञ समितीने सुचवलेल्या तीन नावांतून निवडा. विधिमंडळाने आपल्यातलाच सदस्य थॉमस डिनॅपोली निवडून टाकला, आणि त्यात स्पिट्झरच्या स्वतःच्या पक्षाचे लोक पुढे. हा चिडला, जाहीरपणे आपल्याच आमदारांवर घसरला. उपयोग काय? अ‍ॅटर्नी जनरल असताना समोरच्याला दोन पर्याय असायचे, तडजोड कर नाहीतर मरेपर्यंत लढ. आमदाराला तिसरा असतो: हसून दुर्लक्ष कर. त्याच्यावर समन्स काढता येत नाही.

काळा कोट

हे अगदी बरोबर. वकिली नजरेतून सांगतो. तिथे फेडरल कोर्टात दोषी ठरणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक खटला न चालवता गुन्हा कबूल करतात. म्हणजे सरकारी वकिलाची खरी ताकद कोर्टात नसते, कोर्टाबाहेरच्या खोलीत असते. समोरचा काय गमावू शकतो याचा हिशोब करून त्याला टेबलावर आणायचं. कंपनीच्या बाबतीत तर सोपंच. नुसतं आरोपपत्र दाखल झालं तरी धंदा बसतो, म्हणून कंपनी लढतच नाही. ज्याची सवय या खोलीत घडली त्याला विधिमंडळात गुदमरल्यासारखं होणारच.

आणि जे लढले त्यांचं काय झालं तेही बघा. न्यूयॉर्क शेअर बाजाराचा माजी प्रमुख डिक ग्रासो याच्या सुमारे १४ कोटी डॉलरच्या मोबदल्यावर स्पिट्झरने २००४ मध्ये दावा लावला. ग्रासो हटला नाही. २००८ मध्ये निकाल ग्रासोच्या बाजूने, सगळे पैसे त्याच्याकडेच राहिले. तोवर स्पिट्झर गव्हर्नर होऊन उतरलाही होता. ग्रीनबर्गवरचा दिवाणी दावा तर २०१७ मध्ये मिटला. म्हणजे कोर्टकचेरींचं आतल्या पानाचं गणित इथेही लागू.

तिरकस

लागू कसलं? ग्रीनबर्गने मिटवताना सुमारे ९० लाख डॉलर भरलेत. निर्दोष माणूस भरत नाही. आणि एआयजीने २००६ मध्ये १६४ कोटी मोजले. तुम्हाला हवं तेवढंच पान वाचताय.

काळा कोट

तिरकस, निर्दोष माणूसही भरतो, बारा वर्षं वकिलांची बिलं भरल्यावर. माझ्याच पोटावर पाय येईल म्हणून जास्त बोलत नाही.

जुनी रद्दी

उशिरा आलो. या वंशाचा मूळपुरुष कोणीच काढला नाही म्हणून लिहितो: थॉमस ड्युई. 'ड्युईने ट्रूमनला हरवलं' असा चुकीचा मथळा १९४८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर छापला गेला, तोच ड्युई. लोकांना तो गुंडांचा कर्दनकाळ म्हणून माहीत असतो, पण त्याच्या हातात एक अस्सल वॉल स्ट्रीटचं प्रकरण सापडलं होतं.

रिचर्ड व्हिटनी. २४ ऑक्टोबर १९२९ ला बाजार कोसळत असताना हाच फ्लोअरवर चालत गेला आणि बाजार सावरायला यूएस स्टीलच्या शेअरला २०५ चा भाव पुकारला. पुढे १९३० ते ३५ न्यूयॉर्क शेअर बाजाराचा अध्यक्ष. बाजारावर सरकारी नियंत्रण नको म्हणून वॉशिंग्टनला भांडायला जाणारा. आणि आतून पोकळ. सासऱ्यांच्या इस्टेटीतले रोखे गहाण, तो ज्या यॉट क्लबचा खजिनदार होता त्याचे रोखे गहाण, बाजारातल्या मृत सदस्यांच्या विधवा-मुलांच्या फंडातलेही लंपास.

मार्च १९३८ मध्ये भांडं फुटलं. आता मजा बघा. ड्युई तेव्हा मॅनहॅटनचा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी. राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल होता जॉन बेनेट. ड्युईने सासऱ्यांच्या इस्टेटीवरून आरोपपत्र आणून व्हिटनीला पकडलं. दुसऱ्या दिवशी बेनेटने यॉट क्लबच्या रोख्यांवरून त्याच माणसाला परत पकडलं! आरोपी एक, अटका दोन, कारण फोटो दोघांनाही हवा होता. व्हिटनीने दोन्हीकडे गुन्हा कबूल केला आणि एप्रिलमध्ये त्याची रवानगी झाली सिंग सिंगला. हो, धाग्याच्या सुरुवातीचं तेच सिंग सिंग.

त्याच वर्षी ड्युई गव्हर्नरपदाला उभा राहिला, वय ३६. हर्बर्ट लेहमनकडून सुमारे ६४ हजार मतांनी हरला. १९४२ ला परत उभा राहिला आणि जिंकला. समोर डेमोक्रॅटिक उमेदवार कोण होता ओळखा.

बकुळफूल

बेनेट??

जुनी रद्दी

बेनेट.

कोर्टकचेरी

जुनी रद्दी, दंडवत. हे मला माहीतच नव्हतं. धागा काढल्याचं सार्थक झालं.

तिरकस यांना एक उत्तर राहिलं होतं. जुलियानी खलनायक आहे असं मी म्हणत नाही. तो महापौर झाला तेव्हा ज्या वॉल स्ट्रीटला त्याने बेड्या घातल्या तिच्याच करांवर शहराचं अंदाजपत्रक उभं होतं, आणि त्याने ते मुकाट्याने ओळखलं. २००१ च्या हल्ल्यानंतरचा त्याचा काळ सगळ्यांना आठवतो. २००८ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवारीसाठी सगळी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, तिथे तिसरा आला, दुसऱ्या दिवशी बाहेर.

पण दोन गोष्टी मला अस्वस्थ करतात. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्पने मायकेल मिल्कनला माफी दिली. ज्यांनी शिफारस केली होती त्यांच्या यादीत रुडी जुलियानीचं नाव होतं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जॉर्जिया राज्यात २०२० च्या निवडणुकीचा निकाल फिरवायचा प्रयत्न केल्याच्या आरोपाखाली जे आरोपपत्र आलं त्यात जुलियानीवर लावलेलं पहिलं कलम कुठलं? रिको. राज्याचा रिको कायदा वेगळा, पण जातकुळी तीच. तो खटला नोव्हेंबर २०२५ मध्ये बरखास्त झाला. वकिलीची सनद मात्र त्याआधीच, २०२४ मध्ये, न्यूयॉर्कने काढून घेतली होती. जॉर्जियातल्याच दोन निवडणूक कर्मचारी महिलांच्या बदनामीपायी १४ कोटी ८० लाख डॉलरचा निवाडा झाला तो वेगळाच.

तिरकस

मिल्कनच्या शिफारशीचं माहीत नव्हतं. हे जरा अतीच झालं.

बरं, मग यातला एकही सरळ निघाला नाही का? जुलियानीच्याच खुर्चीत पुढे बसलेला प्रीत भरारा? आतल्या बातम्यांच्या व्यवहारांवरून राज राजरत्नमला आत घातलं, रजत गुप्ताला घातलं, नाव झालं, पण निवडणुकीच्या फंदात पडला नाही.

जुनी रद्दी

तिरकस, तुमच्यासाठी शेवटचा माणूस: रॉबर्ट मॉर्गेनथाऊ. केनेडीने १९६१ मध्ये नेमलेला त्याच दक्षिण जिल्ह्याचा यूएस अ‍ॅटर्नी. जुलियानीच्या वीस वर्षं आधी त्याच खुर्चीत बसून शेअर बाजारातली लबाडी आणि स्विस बँकखाती खणणारा. १९६२ ला पक्षाने गव्हर्नरपदाला उभा केला, नेल्सन रॉकफेलरविरुद्ध. माणूस भाषणाला उभा राहिला की सभा पेंगायची असं त्याच्याबद्दल म्हणत. पाच लाखांहून जास्त मतांनी हरला. केनेडीने परत त्याच खुर्चीवर नेमला.

पुढे १९७५ पासून २००९ पर्यंत मॅनहॅटनचा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी. बीसीसीआय बँकेचा घोटाळा, टायको कंपनीच्या कोझलोव्स्कीचा खटला, सगळं त्याच्या कचेरीत. निवृत्त झाला तेव्हा वय ९०. स्पिट्झर तरुणपणी त्याच्याच हाताखाली शिकला.

बकुळफूल

नव्वदपर्यंत नोकरी! आणि निवडणूक दर चार वर्षांनी लढवायचीच ना त्या पदासाठी?

जुनी रद्दी

लढवायचीच. पण बऱ्याचदा समोर तगडं कोणी उभंच राहायचं नाही, त्यामुळे भाषणं करावी लागायची नाहीत.